डोसा आपल्याच तव्यावरचा

डोसा म्हटला की आपल्याला उडप्याचं हॉटेल आठवतं. घरी करायचा तर तो रविवारचा खास बेत, नाहीतर दुकानातली तयार पिठाची पिशवी. पण तांदूळ खाणाऱ्या आपल्या किनारपट्टीला डोसा परका नाही. सिंधुदुर्गातली आंबोळी घ्या. तीही तांदूळ, उडीद, मेथी रात्रभर आंबवून करतात. आमच्या आगरी-कोळी घरांत तांदळाच्या पिठाचे पोळे होतात, ते न आंबवता लगेच काढायचे. या दोघांच्या पंक्तीला डोसा सहज बसतो.

नातं जुनं आहे. चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या बाराव्या शतकातल्या ‘मानसोल्लास’ या ग्रंथात ‘धोसक’ नावाचा डाळीचा पदार्थ आहे. महाराष्ट्रातल्या बायका कांडताना ओव्या गातात, हेही त्याच ग्रंथात नोंदवलेलं आहे.

मी करावे गावची सून. आमच्या स्टेशनचं नाव सीवूड्स-दारावे-करावे. १९७० साली सिडको स्थापन झाली, नवी मुंबईसाठी ९५ गावांच्या जमिनी घेतल्या गेल्या, त्यात आमची भातशेतीही गेली. सासूबाई सांगायच्या, घरचा तांदूळ वर्षभर पुरायचा. दुकानातून पहिलं पोतं आलं तेव्हा त्या तांदळाची भाकरी कोणाच्या घशाखाली उतरेना. शहर वाढलं तशी नेरूळमध्ये तमिळ, मल्याळी, कानडी कुटुंबं राहायला आली. अशाच एका तमिळ मामींकडून मी डोसा शिकले. त्यांच्याकडे शेवग्याचा पाला घालून डाळ-तांदळाचा जाडसर अडई करतात. शेवगा तर आमच्याही परसात होता. शेत गेलं तरी तांदूळ भिजवणारे हात आहेत, ते रिकामे का ठेवायचे?

तर मैत्रिणींनो, तीन वाट्या जाडा तांदूळ, एक वाटी उडीद डाळ आणि एक लहान चमचा मेथीदाणे घ्या. तांदूळ वेगळा, डाळ-मेथी वेगळी, पाच-सहा तास भिजवा. आधी डाळ वाटा, गार पाणी थोडं थोडं घालत, अगदी हलकी फुलेपर्यंत. तांदूळ किंचित रवाळ ठेवा. मग दोन्ही एकत्र करून हातानं फेटा. पीठ फुगतं ते डाळ-तांदळावरच्या सूक्ष्म जिवाणूंमुळे. ते आम्ल आणि वायू तयार करतात, आणि उडदाचा चिकटपणा तो वायू धरून ठेवतो. म्हणून डाळीत काटकसर करू नये. आपल्याकडच्या दमट उन्हाळ्यात सात-आठ तास पुरतात. डिसेंबर-जानेवारीत बारा तासही लागतात. भांडं निम्मंच भरा, नाहीतर सकाळी पीठ ओट्यावर दिसेल!

भाज्या सगळ्या पिठात कालवून ठेवू नका. त्यांना पाणी सुटतं आणि उरलेलं पीठ लवकर बिघडतं. किसलेलं गाजर, बारीक चिरलेला कोबी, सिमला मिरची, कांदा, कोथिंबीर, मिळाल्यास शेवग्याचा कोवळा पाला, हे सारं ताटात तयार ठेवा. बिडाच्या तव्यावर अर्धा कांदा तेलात बुडवून फिरवा, पाण्याचा हबका मारा, पीठ पसरा. वरचा भाग ओला असतानाच भाजी भुरभुरून उलथन्यानं हलकी दाबा. कडेनं तेल सोडा, मिनिटभर झाकण ठेवा, मग उलटा. एरवी भाजी बाजूला सारणारी मुलंही हा डोसा निमूट खातात. शिवाय तांदळात जी प्रथिनं कमी पडतात, ती उडीद भरून काढतो.

चटणीला ओलं खोबरं, मूठभर डाळं, हिरवी मिरची, आलं, कोथिंबीर आणि चिंचेचं बोटूक. उन्हाळ्यात चिंचेऐवजी कैरी. वरून मोहरी, कढीपत्ता, लाल मिरचीची फोडणी. आमच्याकडे सोमवारी आणि गुरुवारी ही चटणी. इतर दिवशी भाजलेला सुका जवळा, लसूण, लाल तिखट आणि खोबऱ्याची कोरडी चटणी डोशाबरोबर असते. मामी शाकाहारी, त्या नाक मुरडतात. पण आमच्या घरात डोसा खरा रुळला तो या जवळ्यामुळेच.

तयार पिठाला नावं ठेवायची नाहीत. नोकरी करणाऱ्या बाईला त्याचा आधार आहे. पण आठवड्यातून एकदा घरी वाटायला काय हरकत आहे? आणि वाटण्याचं काम एकट्या बाईचंच असंही नाही. डाळ निवडून भिजत घालायला मुलाला सांगा, भांडं उचलायला नवऱ्याला. एकदा वाटलेलं पीठ फ्रिजमध्ये तीन-चार दिवस टिकतं. पहिल्या दिवशी डोसा, दुसऱ्या दिवशी जाड उत्तप्पा, आणि पीठ आंबट झालं की कांदा-मिरची घालून आप्पे.