छातीचा एक्स-रे : सहा फुटांचा हिशेब
(मासिक बैठकीतील भाषणाचा मजकूर)



बर्मिंगहॅममध्ये एक्स-रेवर बोलायचं तर सुरुवात जॉन हॉल-एडवर्ड्‌स यांच्यापासून करायला हवी. जानेवारी १८९६ मध्ये याच शहरात त्यांनी हातात रुतलेल्या सुईचा एक्स-रे काढला. पुढच्याच महिन्यात अशा चित्राच्या आधाराने शस्त्रक्रियाही झाली. किरणांपासून लांब राहावं हे तेव्हा कोणाला ठाऊक? १९०८ साली त्यांचा डावा हात कापावा लागला.

मी रेडिओग्राफर. मलाही अंतराबद्दलच बोलायचंय, पण कारण घरगुती आहे. पुण्यात सासूबाईंना न्यूमोनिया झाला. रात्री दिरांचा फोन : "वहिनी, हृदय खूप मोठं झालंय म्हणतात. तुम्ही दोघं निघाच." यांनी लगेच तिकिटं काढली. मी विचारलं, "भावजी, एक्स-रेच्या कोपऱ्यात काय लिहिलंय?" म्हणाले, "ए.पी., पोर्टेबल."

लहानपणी कंदिलासमोर हात धरून आपण भिंतीवर ससे नाचवलेत. हात भिंतीजवळ असला की सावली हाताएवढी, कडा रेखीव. कंदिलाकडे नेला की सावली फुगते आणि कडा पुसट होतात, कारण ज्योतीला रुंदी असते. एक्स-रे नळीत किरण निघतात त्या ठिपक्यालाही असते. समजा १ मिलिमीटर.

पेशंट उभा, छाती फिल्मला टेकलेली, नळी १८० सेंटिमीटरवर, म्हणजे सहा फुटांवर. हृदय फिल्मपासून १० सेंटिमीटर धरा. कडेचा पुसटपणा १० भागिले १७०, म्हणजे ०.०६ मिलिमीटर, आकार ६ टक्के मोठा. आता पेशंट खाटेवर, फिल्म पाठीखाली, नळी १०० सेंटिमीटरवर, हृदय फिल्मपासून २०. पुसटपणा ०.२५ मिलिमीटर, चौपट! आकार २५ टक्के मोठा.

मग नळी लांब का नेत नाहीत? १०० वरून १८० वर गेलं की किरण सव्वातीन पट सोडावे लागतात. फिरत्या यंत्राचा जोर बेताचा, म्हणून वेळ वाढतो. धाप लागलेलं माणूस तेवढ्यात हलतं, आणि अंतराने कमावलेली स्पष्टता श्वासात जाते. खाटेवरचा एक्स-रे वाईट नव्हे. फुप्फुसातला न्यूमोनिया त्यातच दिसला होता. आणि त्यात हृदय नेहमीएवढं दिसलं, तर निर्धास्त राहावं. मोठं दिसलं तर मात्र उभ्याने पुन्हा बघावं, कारण कधी ते खरंच मोठं असतं. मलाही त्या रात्री झोप नव्हती.

नवव्या दिवशी सासूबाई उभ्या राहिल्या. सहा फुटांवरून एक्स-रे काढला. हृदय नेहमीएवढंच होतं. तिकिटांचे पैसे काही परत मिळाले नाहीत.