कॉलेजांतील मुलें आणि घरची नजर

मुलगा बारावी होऊन परगांवच्या कॉलेजांत गेला, कीं आईबापांना वाटतें, मूल हाताशीं आलें. आतां चिंता सरली. वस्तुस्थिति निराळी आहे. मनाच्या बहुतेक विकारांचा आरंभ पंचविशीच्या आंतच होतो, आणि दारूगांजाची पहिली ओळखही पुष्कळदां याच वयांत होते. ज्या वयांत नजर काढून घ्यावीशी वाटते, त्याच वयांत ती जागी असावयास हवी.

जागी नजर म्हणजे पाळत नव्हे. एखाद्या रात्रीं उशिरां येणें किंवा एका परीक्षेंत गुण कमी पडणें, यावरून कांहींच ठरत नाहीं. पाहावयाचा तो टिकून राहिलेला बदल. हंसतखेळत जेवणारी मुलगी दोन आठवडे उलटले तरी अर्धपोटीं उठते. झोंप उडते किंवा दिवसभर सरत नाहीं. आवडीचा खेळ, जुने स्नेही नकोसे होतात. 'माझा कोणाला काय उपयोग?' असे उद्गार निघतात. हीं खिन्नतेच्या रोगाचीं चिन्हें असूं शकतात. पैशांचा हिशेब न लागणें, वस्तू नाहींशा होणें, नव्या मित्रांचीं नांवें घरीं न सांगणें, हीं व्यसनाची शंका येण्याजोगीं.

हीं दोन दुखणीं पुष्कळदां एकमेकांच्या आश्रयानें वाढतात. झोंप यावी म्हणून कोणी पेला जवळ करतो. पण दारूनें झोंप मोडते आणि खिन्नता वाढते. कोवळ्या वयांत नित्य गांजा ओढणाऱ्यास भ्रमिष्टपणाचा धोका अधिक असतो. म्हणून उपचार दोहोंवर हवा.

अशा वेळीं घर बहुधा शपथ घालतें, पैसे बंद करतें आणि शेजाऱ्यांपासून लपवितें. लपविण्यांत जातो तो उपचाराचाच वेळ. कायदा याहून समंजस आहे. सेवनाच्या आरोपांत सांपडलेला व्यसनी आपण होऊन सरकारमान्य ठिकाणीं उपचार घेईल, तर १९८५ च्या अंमली पदार्थांच्या कायद्यांत त्याला खटल्यापासून संरक्षण आहे. २०१७ चा मानसिक आरोग्याचा कायदा आत्महत्येच्या प्रयत्नामागें तीव्र मानसिक ताण गृहीत धरतो. घरानें कायद्याहून कठोर कां व्हावें?

विचारावें तें एकांतांत, आरोप न करतां: "हल्लीं तुला झोंप लागत नाहींसें दिसतें, काय होतें आहे?" मरणाची भाषा कानीं आली, तर "जीव द्यावासा वाटतो का?" असें सरळ विचारावें. विचारल्यानें ती कल्पना मनांत शिरते, ही समजूत खोटी आहे. उत्तर 'होय' आलें, तर मुलास एकटें सोडूं नये. घरांतील औषधें व विषारी द्रव्यें दूर ठेवावीं आणि त्याच दिवशीं डॉक्टर गांठावा. २०२२ सालीं सुरू झालेल्या 'टेली मानस' या सरकारी सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर रात्रंदिवस विनामूल्य सल्ला मिळतो. व्यसनासाठीं पुण्याच्या 'मुक्तांगण'सारखीं केंद्रें आहेत. तें १९८६ पासून चालू आहे.

परगांवच्या मुलाला फोनवर गुणांची व पैशांची चौकशी घरोघर होते. तींत झोंपेची आणि मनाची एक चौकशी वाढावी, आणि उत्तर ऐकून घेण्याइतकी सवड घरानें राखावी.