छपराची बांधणी आणि वादळाचा वारा
(रायगड जिल्ह्यातील किनाऱ्यावरील एका प्राथमिक शाळेच्या पालकसभेत केलेले भाषण)



मृग जवळ आला की आपण कौले परततो, फुटकी बदलतो, पडवीला झावळ्यांचा आडोसा बांधतो. वाडवडिलांनी घालून दिलेली ही शाकारणी उत्तम आहे. परंतु तीत वरून पडणाऱ्या पावसाचाच विचार आहे. वादळाचा वारा छप्पर खाली दाबीत नाही, वर उचलतो, हे आपल्यापैकी अनेकांच्या ध्यानी यावयास ३ जून २०२० चा दिवस उजाडावा लागला.

त्या दुपारी ‘निसर्ग’ चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेस किनाऱ्यावर आले. वाऱ्याचा वेग ताशी १०० किलोमीटरांहून अधिक होता. श्रीवर्धन, म्हसळा, मुरूड या भागांत नारळी-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या, असंख्य घरांची छपरे उडाली, आणि पुढे सारा पावसाळा उभा होता. माझ्या घराची पडवी प्रथम गेली व जाताना माजघरावरील पत्रेही घेऊन गेली. भिंतीस मात्र तडासुद्धा नव्हता! पाहतो तो वासे भिंतीवर नुसते टेकविलेले.

छपरावरून वेगाने जाणारा वारा त्यास वर ओढतो आणि दारातून आत शिरलेला वारा खालून रेटतो. म्हणून ‘खिडक्या उघड्या ठेवा, वारा निघून जाईल’ असे सांगणाऱ्यांवर विश्वास ठेवू नये. दारे-खिडक्या घट्ट लावाव्यात. पत्र्यावर धोंडे ठेवून निश्चिंत होणारेही पुष्कळ आहेत. पत्रा उडाला की तोच धोंडा कोणाच्या तरी मस्तकावर यावयाचा.

वासा भिंतीवरील तुळईस लोखंडी पट्टीने बांधावा व ती तुळई भिंतीत पुरलेल्या बोल्टाने जखडावी. पत्रे केवळ खिळ्यांवर न सोपविता वॉशर घातलेल्या आकडीच्या बोल्टांनी आवळावेत. कडा, कोपरे व आढे येथे बोल्ट दाट असावेत. वळचणीची कौले तारेने रिपांस बांधावीत. पडवीचे छप्पर मुख्य छपरापासून वेगळे ठेवावे, म्हणजे एक गेले तरी दुसरे वाचते.

यास खर्च येतो, हे मी नाकारीत नाही. एकदम साधत नसेल तर यंदा पडवी आणि कोपरे, उरलेले पुढील वर्षी. ज्यांचे घर कुडाचे आहे, त्यांनी इशारा मिळताच मुलांसह पक्क्या इमारतीत जावे. संकोच करू नये. आणि वादळ केवळ मृगाच्या तोंडावरच येते असेही नाही. २००९ चे ‘फयान’ नोव्हेंबरात आले होते.

कौले परतण्यास माणूस शिडीवर चढेल, तेव्हा त्यास प्रत्येक वाशाचे टोक हलवून पाहावयास सांगावे. हलले, तर कौले तशीच राहू द्यावीत आणि आधी लोहाराकडे जावे.