फ्लॉपीवरच्या जुन्या सॉफ्टवेअरचे जतन

ॲपल टू आणि कमोडोर ६४ या घरगुती संगणकांचे अमेरिकेतले बहुतेक सॉफ्टवेअर सव्वापाच इंची फ्लॉपीवर विकले गेले. खेळ, हिशेबाचे प्रोग्राम, मुलांना गणित शिकवणारे पाठ, सारे काही. ॲपलची फ्लॉपी एका बाजूला १४० किलोबाइट मजकूर धरी, कमोडोरची १७० च्या आसपास. मोबाइलवर काढलेला साधा फोटोही आज यात मावत नाही.

फ्लॉपी म्हणजे पॉलिएस्टरची पातळ चकती. तिच्यावर लोहाच्या ऑक्साइडचा थर असतो आणि तो थर एका चिकट बंधक पदार्थाने बसवलेला असतो. लोक चुंबकाला भितात. पण नीट ठेवलेल्या फ्लॉपीत बहुधा आधी दगा देतो तो हा बंधक. दमट हवेत त्याचे विघटन होते, थर सुटू लागतो, वर बुरशी चढते. कोकणातल्या पावसाळ्यात कपाटातल्या चामडी चपलांवर येते तशीच. अशी फ्लॉपी तशीच ड्राइव्हमध्ये सारली की सुटलेली भुकटी वाचणाऱ्या हेडला चिकटते आणि नंतर घातलेल्या चांगल्या फ्लॉपीवरही ओरखडे उठतात. म्हणून बुरशी दिसली तर आधी पाकिटाची एक कड कापून चकती बाहेर काढतात, आयसोप्रोपिल अल्कोहोलने हलक्या हाताने पुसतात आणि दुसऱ्या स्वच्छ पाकिटात घालून मगच वाचतात. पाकिटाच्या कडेची खाच चिकटपट्टीने बुजवलेली असावी, म्हणजे चुकूनही चकतीवर काही लिहिले जात नाही.

खरी अडचण पुढे आहे. फ्लॉपीवरच्या फाइली दुसरीकडे उतरवल्या की काम संपले, असे वाटते. संपत नाही, कारण विक्रीच्या फ्लॉपीची नक्कल होऊ नये अशीच योजना कंपन्यांनी केलेली होती. स्टीव्ह वॉझनियॅकने रचलेला ॲपलचा ड्राइव्ह १९७८ मध्ये बाजारात आला. त्यात चिप अगदी मोजक्या होत्या. हेड सरकवण्यापासून खुणा उलगडण्यापर्यंतचे बरेचसे काम सॉफ्टवेअरवर सोपवलेले होते. याचा फायदा घेऊन प्रोग्रामर दोन ट्रॅकच्या, म्हणजे चकतीवरच्या वर्तुळाकार पट्ट्यांच्या, मधल्या जागेत मजकूर लिहीत, सेक्टरच्या, म्हणजे ट्रॅकच्या तुकड्यांच्या, ठरलेल्या खुणा बदलत. कमोडोरच्या १५४१ ड्राइव्हसाठी वेगळी युक्ती होती. फ्लॉपीवर मुद्दाम एखादा बिघडलेला सेक्टर ठेवायचा आणि प्रोग्रामने तो तपासायचा. बिघाड सापडला नाही, तर ती नक्कल! मात्र असा सेक्टर वाचताना ड्राइव्ह गोंधळून हेड मागे ओढी, आणि हेड खडखड करत अडसरावर आपटे. असे वारंवार झाले की हेड जागचे हले. पैसे मोजून मूळ फ्लॉपी घेणाऱ्याच्या ड्राइव्हची अशी वाट लागे आणि चोरीची प्रत वापरणारा निवांत खेळे.

या संरक्षणामुळे फ्लॉपीचा पृष्ठभागच प्रोग्रामचा भाग झाला. त्यामुळे जतन करणारे आज मजकुराच्या खालच्या पातळीवर उतरतात. ग्रीजविझल, क्रायोफ्लक्स, ॲपलसॉस ही उपकरणे जुन्या ड्राइव्हला जोडली जातात आणि चकतीवर चुंबकाची दिशा कुठे कुठे उलटते, त्या दोन उलटण्यांमध्ये किती वेळ जातो, एवढेच टिपतात. चकती मिनिटाला ३०० फेरे घेते, म्हणजे एका फेऱ्याला २०० मिलिसेकंद. प्रत्येक ट्रॅकचे अनेक फेरे नोंदवतात, आणि त्याला कारण आहे. काही कंपन्या एखाद्या जागी जाणूनबुजून धड हो नाही की धड नाही नाही असा चुंबकी संकेत ठेवत. तो दर फेऱ्याला वेगळा वाचला जातो. साध्या नकलेत त्यातले एकच वाचन गोठते. अनेक फेऱ्यांच्या नोंदीत हा चंचलपणा टिकून राहतो. नोंदीचा अर्थ लावायचे काम पुढे सवडीने करता येते.

छोट्या अडचणीही कामाचा वेळ खातात. कमोडोरचा ड्राइव्ह फेऱ्याची सुरुवात दाखवणारे चकतीचे निर्देशक छिद्र पाहतच नसे, म्हणून लोक पाकिटाला दुसरी खाच पाडून फ्लॉपी उलटी घालत आणि मागची बाजूही वापरत. पुढच्या काळातल्या पीसीच्या ड्राइव्हला हे छिद्र लागते, आणि उलट्या फ्लॉपीत ते भलत्याच जागी असते.

चोरून नक्कल करणाऱ्यांचे ऋणही मान्य करावे लागते. संरक्षण तोडून वाटलेल्या प्रतींमुळेच कित्येक खेळ आज हाती आहेत. मात्र त्या प्रतींत सुरुवातीला तोडणाऱ्याची जाहिरात चिकटवलेली असे, कधी जागा वाचवण्यासाठी चित्रे किंवा टप्पेही छाटलेले असत. ‘फोर-एएम’ या टोपणनावाने काम करणाऱ्या जतनकाराने ॲपल टूच्या शेकडो प्रोग्रामचे संरक्षण नेटकेपणाने काढले, मूळ मजकुराला धक्का लावला नाही आणि प्रत्येक कुलूप कसे उघडले ते लिहून इंटरनेट अर्काइव्हवर ठेवले.

विक्रीच्या फ्लॉपीइतकीच मोलाची असते ती लेखकाने स्वतःकडे ठेवलेली फ्लॉपी. जॉर्डन मेकनरच्या ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’ या १९८९ च्या खेळाचा मूळ सोर्स कोड हरवला असेच धरून चालले होते. २०१२ मध्ये त्याच्या वडिलांना घरात एका खोक्यात साडेतीन इंची फ्लॉपी सापडल्या. जाणकारांनी जुनी यंत्रे जोडून त्या वाचल्या आणि ६५०२ प्रोसेसरच्या असेंब्लीत लिहिलेला तो कोड सर्वांसाठी खुला झाला.

चकती वाचून झाली तरी लेबलाचा फोटो आणि छापील पुस्तिका सोबत लागतातच. पुस्तिकेच्या अमुक पानावरचा अमुक शब्द टाइप केल्याशिवाय कित्येक खेळ सुरूच होत नसत.

कायद्याची बाजू देशागणिक निराळी आहे. भारताच्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यातील कलम ५२ नुसार, संगणक प्रोग्रामची प्रत कायदेशीरपणे बाळगणाऱ्याला ती हरवण्या-बिघडण्यापासून जपण्यासाठी राखीव प्रत करता येते. अमेरिकेत २००३ मध्ये कालबाह्य झालेल्या माध्यमांवरील प्रोग्राम आणि खेळांचे संरक्षण तोडण्याला ठरावीक अटींवर सूट मिळाली. मात्र अशी प्रत सर्वांसाठी खुली करण्याचा हक्क या दोन्ही तरतुदी देत नाहीत. तो हक्क कॉपीराइट ज्याच्याकडे असेल त्याच्याकडेच राहतो.