साथ, सरकार आणि बायका



साथ आली की सरकारला लोकांच्या घरात शिरावं लागतं. प्रश्न असतो तो कसं शिरायचं याचा.

१८९७ च्या फेब्रुवारीत साथरोग कायदा आला. हुकूम मोडणाऱ्याला शिक्षा, आणि सद्भावनेनं काम केलेल्या अधिकाऱ्यावर मात्र दावा लावता येणार नाही, असं त्यात लिहिलं होतं. नागरिकांच्या हक्कांबद्दल अवाक्षर नव्हतं. पुण्यात प्लेगचे अधिकारी रँड यांनी घरझडतीला गोरे सोजीर पाठवले. बूट घालून ते माजघरात शिरले. बायकांची तपासणी परक्या पुरुषांकडून होऊ लागली. मग लोकांनी आपली आजारी माणसं लपवली. साथ आटोक्यात आणायची, तर याहून वाईट काय?

२२ जूनला रँडवर गोळी झाडली गेली, ती इतिहासानं लक्षात ठेवली. पण प्लेगच्या इस्पितळात बायकांचे काय हाल होतात, हे पंडिता रमाबाईंनी त्याच वर्षी वर्तमानपत्रात मांडलं, ते किती जणींना ठाऊक आहे? सावित्रीबाई तर यशवंतच्या दवाखान्यात रोगी आणता आणता स्वतःच प्लेगला बळी पडल्या, १० मार्चला.

२०२० मध्ये कोरोना आला, तेव्हा सरकारनं तोच कायदा बाहेर काढला. २४ मार्चला रात्री टाळेबंदी जाहीर झाली, लोकांना जेमतेम चार तास मिळाले. नंतर दारोदार कोण फिरलं? आशाताई. कितीतरी घरांची दारं उघडली ती हुकमाला भिऊन नाही. समोरची बाई बाळंतपणात आपल्यासोबत दवाखान्यात आली होती म्हणून! सरकारच्या खात्यावर जमा झालेला विश्वास खरं तर तिनं कमावलेला होता. तिला मात्र ‘स्वयंसेविका’ म्हणून पगाराऐवजी मानधन. जून २०२१ मध्ये महाराष्ट्रातल्या आशांना संप करावा लागला. २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं आशांचा गौरव केला. पण गौरवानं चूल पेटत नाही.

म्हणून आपलं म्हणणं स्पष्ट हवं. साथीच्या कायद्यात लोकांचे हक्क लिहा. माहिती खरी आणि आमच्या भाषेत द्या. बाईची तपासणी बाईनं, तिला विचारून करावी. तक्रारीला जागा ठेवा. आशांना कामगार म्हणा.

पुढची साथ येण्याआधी या मागण्या आपापल्या गटात बोला, ग्रामसभेत मांडा. साथ आल्यावर आपलं ऐकायला कुणाला सवड नसते.