आकड्यांतून स्वराकडे



आज संगीतावर बोलायचे आहे, पण गाऊन दाखवायचे नाही, एवढा दिलासा आरंभीच देतो. विषय आहे तो घरात गाणे आणणाऱ्या एका लहानशा यंत्राचा. बाजारात त्याला ‘डॅक’ म्हणतात. एक डॅक दीड-दोन हजारांत मिळतो, दुसऱ्याला काही लाख मोजावे लागतात, आणि दोघांचे काम मात्र एकच. ज्याला गाण्याची आवड आहे पण ज्याच्या खिशाला तळ आहे, अशा गृहस्थाने काय करावे? हा प्रश्न घरखर्चाचा आहे. आणि त्याहून अधिक, आपल्या कानांवर आपला विश्वास आहे की नाही, याचा आहे.

प्रथम हे यंत्र करते काय ते पाहू. उदाहरण आपल्या तालुक्यातलेच घेऊ. मुळशी धरणाची पाणीपातळी कोणी ठराविक वेळाने टिपत गेला, तर वहीत नुसते आकडे उरतात. परंतु पाणी एका क्षणात दहा हात चढत नाही, हे ठाऊक असल्यामुळे त्या आकड्यांवरून चढउताराची अखंड रेषा आपल्याला काढता येते. ध्वनीचेही तसेच. १९८२ साली विक्रीस आलेल्या सीडीवर ध्वनिलहरीची अशी नोंद सेकंदाला ४४,१०० वेळा असते, आणि प्रत्येक नोंद ६५,५३६ पायऱ्यांपैकी एकीवर बसते. या आकड्यांतून पुन्हा अखंड विद्युतलहर उभी करणे, हे डॅकचे काम. पुढे अ‍ॅम्प्लिफायर ती मोठी करतो आणि स्पीकर तिचा आवाज करतो.

यावर कोणी विचारील, दोन आकड्यांच्या मधले गाणे निसटत नाही काय? नाही. ध्वनीतील सर्वांत उंच कंपनसंख्येच्या दुपटीहून अधिक वेगाने नोंदी घेतल्या, तर मूळ लहर त्यांतून परत मिळते. क्लॉड शॅनन यांनी १९४९ च्या निबंधात याची सिद्धता दिली आहे. तरुण कानाला सेकंदाला सुमारे २०,००० कंपनांपर्यंत ऐकू येते. साठी उलटलेल्या आपणा बहुतेकांची मर्यादा त्याच्या बरीच अलीकडे असते. सीडीची नोंद मात्र तरुण कानालाही पुरते.

मग अधिक बारीक नोंदींच्या महाग ध्वनिमुद्रणाला काहीच अर्थ नाही काय? २००७ साली मायर आणि मोरन या दोन अमेरिकन संशोधकांनी प्रयोग प्रसिद्ध केला. तसे ध्वनिमुद्रण एकदा जसेच्या तसे आणि एकदा सीडीच्या मापातून गाळून ऐकवले. ५५४ वेळा विचारले, २७६ वेळा उत्तर बरोबर आले. नाणे उडवले असते तरी एवढेच जमले असते. २०१६ साली जोशुआ राइस यांनी असे अनेक प्रयोग एकत्र तपासले, तेव्हा बरोबर उत्तरांचे प्रमाण शेकडा ५२ च्या आसपास भरले. फरक असलाच तर तो एवढा सूक्ष्म आहे; त्यासाठी कर्ज काढण्याचे कारण नाही.

तेव्हा निवड कशी करावी? पहिली गोष्ट, डॅक बहुधा आपल्या घरी आहेच. भ्रमणध्वनीत, टीव्हीत, संगणकात तो बसवलेला असतो. त्यातून खरखर ऐकू येत असेल, किंवा टीव्हीला केवळ ‘ऑप्टिकल’ खाच असून अ‍ॅम्प्लिफायरला ती नसेल, तरच वेगळा डॅक घ्यावा. टीव्हीला जोडताना त्याच्या सेटिंगमध्ये ‘पीसीएम’ निवडावे. नाहीतर कित्येक साधे डॅक मुके बसतात आणि दोष मात्र दुकानदाराला मिळतो.

दुसरी गोष्ट वीजजोडणीची. अर्थिंग नीट नसले, किंवा दोन यंत्रे दोन निरनिराळ्या ठिकाणी जोडली असली, तर पन्नास कंपनांची घरघर गाण्याखाली सतत वाजत राहते. महागडा डॅक हा तिच्यावरचा उपाय नव्हे. प्रथम वायरमनला बोलवावे. संगणकाच्या तारेतून घरघर येत असेल तर ऑप्टिकल तार वापरून पाहावी. तिच्यातून प्रकाश जातो, वीज जात नाही. आणि वळवाचे ढग दाटले की सर्व यंत्रांच्या पिना काढून ठेवाव्यात.

तिसरी गोष्ट परीक्षेची. दोन डॅक ताडून पाहताना दोघांचा आवाज अगदी सारखा लावावा, शक्य तर व्होल्टमापकाने. कारण किंचित मोठा आवाज कानाला नेहमीच अधिक गोड वाटतो, आणि विक्रेत्यांना हे चांगले ठाऊक असते. मग घरच्या कोणाला तरी पडद्याआड जोडण्या बदलायला सांगून वीस वेळा ओळखून पाहावे. गाणे असे घ्यावे की ज्यात तानपुरा स्पष्ट आहे. जवारीची बारीक झणझण यंत्राचा दोष लवकर उघडा पाडते. वीसपैकी दहा-बाराच वेळा ओळखले, तर स्वस्तातला निःशंक घ्यावा.

एक गोष्ट मात्र कोणताही डॅक करणार नाही. अब्दुल करीम खाँसाहेबांचे निधन १९३७ साली झाले. त्यांचे गाणे आपल्यापर्यंत तीन-साडेतीन मिनिटांच्या तबकड्यांतून आले, तबकडीच्या खरखरीसह. मूळ मुद्रणात जे उतरलेच नाही ते पुढचे यंत्र कोठून आणणार? चांगला डॅक आपल्या पदरचे काही घालत नाही आणि असलेले काही गाळत नाही. एवढ्या प्रामाणिकपणाला आज फार पैसा लागत नाही.

उरलेला पैसा स्पीकरवर खर्च करावा, कारण त्यांतील फरक पडद्याआडूनही ओळखू येतो. ते भिंतीच्या कोपऱ्यातून पुढे ओढावेत; उघड्या फरशीवर एखादी सतरंजी अंथरावी. त्यातूनही काही उरले, तर डिसेंबरात पुण्याला सवाई गंधर्व महोत्सवाला जावे. १९५३ साली सुरू झालेल्या या महोत्सवाने कित्येकांचे कान तयार केले आहेत. तयार कान घेऊन दुकानात जाणाऱ्याला फसवणे फार अवघड असते.