किलोमीटर कमी, वय जास्त : जुनी मोठी गाडी घ्यावी का?

आज आपण गाडीविषयी बोलणार आहोत, आणि तीही साधीसुधी नाही, तर मर्सिडीज, बीएमडब्ल्यू, ऑडी असल्या गाडीविषयी. बायकांच्या कार्यक्रमात हे कशाला, असं कुणी म्हणेल. पण कर्जाचा अर्ज बचत गटात येतो, सही बाईची लागते आणि हप्ताही तिच्याच नावावर चढतो. म्हणून हा विषय आपलाच आहे.

खानापूर, आटपाडी, माण, खटाव या भागातली कितीतरी घरं गलाईच्या धंद्यानं देशभर पांगली आहेत. सोनं-चांदी गाळायला माणसं तामिळनाडूत, केरळात, उत्तर प्रदेशात गेली. यात्रेला गावी येतात तेव्हा देवळासमोर परराज्यांच्या नंबरांच्या गाड्यांची रांग लागते. त्यातली एखादी गाडी मालकाला नकोशी होते आणि गावात बोली लागते. आमच्या गटातल्या एका ताईंच्या घरी अशीच बोली आली. मर्सिडीज, पेट्रोलवर चालणारी, बारा वर्षांची, आणि चाललेली फक्त अडतीस हजार किलोमीटर. किंमत साडेसहा लाख. मुलगा म्हणाला, एवढ्यात तर नवी लहान गाडी येते, मग ही का नको? ताईंनी गटाकडं तीन लाख मागितले. त्यावर आम्ही दोन बैठका घालवल्या, आणि जे समजलं ते तुमच्यापुढं ठेवतो.

खरसुंडीच्या बाजारात खोंड घेताना आपण काय करतो? दात बघतो. आदत आहे की जुळलेला, ते तोंड उघडल्याशिवाय कुणी पैसे मोजत नाही. गाडीचं तोंड म्हणजे नुसता किलोमीटरचा आकडा नव्हे. वर्षंही मोजायची. उभी राहिलेली गाडी झिजत नाही, पण सुकते. रबराच्या नळ्या, पट्टे, वायसर कडक होऊन चिरतात. ब्रेकचं तेल हवेतला ओलावा ओढतं. बॅटरी मरते. उंदीर वायरी कुरतडतात, आणि असल्या गाडीत वायरींचं जाळं इतकं असतं, की बिघाड कुठला ते शोधण्याचेच पैसे आधी द्यावे लागतात.

टायरवर कडेला एक चार आकडी खूण असते. २३१८ असेल तर टायर २०१८ सालच्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला. नक्षी नव्यासारखी दिसली तरी सात-आठ वर्षांचा टायर हायवेवर भरवशाचा नाही. ही खूण वाचायला मेकॅनिक लागत नाही, आपल्यापैकी कुणीही वाचू शकते.

आणखी एक गोष्ट आपल्या उसाची. आपल्याच कारखान्यांत तयार होणारं इथेनॉल आता पेट्रोलमध्ये वीस टक्के मिसळतात. त्याला चालतील असे भाग असलेल्या गाड्या एप्रिल २०२३ पासून येऊ लागल्या. बारा वर्षांपूर्वीच्या गाडीचे रबरी भाग हे पेट्रोल डोळ्यांसमोर ठेवून बनवलेले नव्हते. शिवाय इथेनॉल पाणी धरतं, त्यामुळं महिनोन्‌महिने उभ्या राहणाऱ्या गाडीला ते जास्त सोसत नाही.

आकडा खरा कशावरून? मीटर मागं फिरवणारे लोक आहेत. म्हणून सर्व्हिसची कागदं मागायची. अधिकृत सर्व्हिस सेंटरला गाडीचा इतिहास चासी नंबरावरून दिसतो, तो मालकाकडून मागवून घ्यावा. कागद मिळत नसेल तर ब्रेकचं पायडल, स्टेअरिंग आणि चालकाच्या सीटची कड बघा. अडतीस हजाराच्या गाडीत पायडलाचं रबर गुळगुळीत झालेलं नसतं.

आता पुराचं. कमी किलोमीटर का, हा प्रश्न सांगली जिल्ह्यात तरी दोनदा विचारावा. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी ५७ फुटांवर गेलं, जुलै २०२१ मध्ये पुन्हा पूर आला. सांगली, पलूस, वाळवा, तिकडं कऱ्हाड, पाटण, कुठं कुठं गाड्या पाण्यात राहिल्या. पाण्यात राहिलेली गाडी पुढं चालतच नाही, मग किलोमीटर आपोआप कमी! अशी गाडी धुऊन-पुसून चमकवतात, पण गाळ लपत नाही. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून बघा, वरच्या टोकाला मातीची रेघ असते. पायातलं कार्पेट उचला, सीटखालच्या पट्ट्यांचा गंज बघा, स्टेपनीच्या खड्ड्यात हात घाला. आत अत्तराचा घमघमाट असेल तर आम्ही म्हणू, आधी काचा लावून दहा मिनिटं आत बसा. ताईंची गाडी तामिळनाडूची म्हणून सुटली असं मुळीच नाही. डिसेंबर २०१५ मध्ये चेन्नईही बुडालं होतं.

कागदांवर आम्ही जरा जास्त वेळ घेतला, कारण पुरुष मंडळी यालाच "ते होईल नंतर" म्हणतात. परराज्यातली गाडी बारा महिन्यांपेक्षा जास्त इथं ठेवायची तर इथला नंबर घ्यावा लागतो. त्यासाठी तिकडच्या आरटीओचं ना-हरकत पत्र लागतं आणि महाराष्ट्राचा रोड टॅक्स भरावा लागतो. तो आपण दिलेल्या साडेसहा लाखांवर नसतो. गाडी नवी असताना तिची किंमत काय होती आणि आज वय काय, यावर ठरतो. म्हणजे गाडी स्वस्त पडली तरी टॅक्स मोठ्या गाडीचाच. सौदा करण्याआधी सातारच्या, कऱ्हाडच्या किंवा सांगलीच्या आरटीओत जाऊन आकडा काढून घ्यावा, एजंटाच्या तोंडचा धरू नये. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते. बारा गेली, राहिली तीन. त्यानंतर तपासणी, पाच हजारांची फी, वर पर्यावरण कर, तेव्हा कुठं पुढची पाच वर्षं मिळतात.

आणि विकणाऱ्यांसाठीही एक सांगतो. गाडी विकली पण आरसीवर नाव तुमचंच राहिलं, तर अपघाताच्या भरपाईला तुम्हीच मालक. सर्वोच्च न्यायालयानं २०१८ साली हे स्पष्ट केलेलं आहे.

ताईंच्या मुलाचा बेत मात्र घरच्या वापराचा नव्हता. लग्नसराईत नवरदेवासाठी गाडी भाड्यानं द्यायची आणि त्यातून हप्ता फेडायचा, असं त्याच्या मनात होतं. ऐकायला गोड आहे. पण पांढऱ्या पाटीची गाडी भाड्यानं देता येत नाही. त्याला परमिट लागतं, पिवळी पाटी लागते. तसंच चालवलं आणि वरातीत कुणाला धक्का लागला, तर विमा कंपनी हात वर करू शकते. मग भरपाई घरातून. लग्नाच्या तारखा वर्षात किती, हे आपण बायका पंचांग बघून सांगू शकतो, आणि हप्ता तर बाराही महिने येतो.

आमच्या गटाचं व्याज महिना शेकडा एक. तीन लाखांवर पहिल्या महिन्याचं नुसतं व्याज तीन हजार. मुद्दल वेगळं, विमा वेगळा. गाडी बंद पडली तर अधिकृत सर्व्हिस सेंटर पुण्यात, फार तर कोल्हापुरात, म्हणजे टोचन करून न्यायचा खर्च वेगळा. आमच्या गावच्या रस्त्यावर ऊसवाहतुकीनं पडलेल्या चाकोऱ्यांत तिचं पोट घासेल, ते राहूच द्या.

ज्या घरात किंमत रोख देऊन वर दीड-दोन लाख दुरुस्तीसाठी बाजूला ठेवता येतात, आणि मालक नात्यातला, कागद स्वच्छ, तिथं अशी गाडी घ्यायला आमची ना नाही. हौसेला मोल नसतं. कर्ज काढून मात्र घेऊ नये, आणि बाईच्या नावावर कर्ज काढून तर नाहीच. दुसऱ्या बैठकीत एका वयस्कर मावशींनी विचारलं, "कर्ज तुझ्या नावावर, मग आरसी बुक कुणाच्या नावावर?" ताई म्हणाल्या, मुलाच्या. त्यावर बराच वेळ कुणी बोललं नाही.

गटानं अर्ज नाकारला नाही, त्यावर अटी लिहिल्या : सर्व्हिसचा इतिहास, आरटीओचा टॅक्सचा आकडा, आपल्या ओळखीच्या मेकॅनिकनं एक दिवस गाडी तपासल्याची चिठ्ठी, आणि आरसीवर ताईंचं नाव. पहिले दोन कागद मागवले आहेत. टॅक्सचा आकडा कळल्यावर मुलानं विट्यातल्या एका सहा वर्षांच्या लहान गाडीचीही चौकशी सुरू केली आहे.